मोहिमेची पाटी

सांगवी, ता. दर्यापूर
१२ ऑगस्ट २०२५

चि. श्याम यास,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फौजेचं टपाल जवानाला गाठतंच, हा माझा चोवीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. न वाचता फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच की आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तोंड नाही. तुझ्या बायकोचा, आरतीचा, फोन आला की आई म्हणते, "तिच्या बाजूलेच बसला हाय तो, मले समजते." बोलायचं नसेल तर निदान खोकत जाऊ नकोस.

पत्राचं खरं कारण पाटी. ग्रामपंचायतीच्या भिंतीला ओल आली आणि आपल्या माजी सैनिक मंडळाच्या पाटीचा रंग पापुद्र्यांनी उडाला. भगवंतरावांचं एकाहत्तर सालचं नाव अर्धं गेलं, माझं थोडक्यात वाचलं. नवी पाटी नत्थुजी पेंटर करणार आहे. प्रत्येक नाव, साल आणि मोहिमेचं ठिकाण. सव्वीस जानेवारीच्या आत व्हायला हवी, कारण त्या दिवशी सगळ्यात नव्या नावाच्या माणसाने झेंड्याची दोरी ओढायची ही आपल्या गावची रीत तुला माहीत आहे.

तुझ्या नावाबद्दल मंडळाचा निर्णय होता तोच आहे. अध्यक्ष म्हणून कळवणं माझं काम. परदेशातली नेमणूक ही नेमणूक असते, मोहीम नव्हे. डोक्यावर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी आहे म्हणजे समोर शत्रू नाही आणि शत्रू नाही तर मोहीम कसली? तू दक्षिण सुदानमध्ये वर्षभर गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतास. मान्य. चांगलं काम. पण त्याला मोहीम म्हटलं तर उद्या दूतावासाच्या फाटकावर उभा राहणाराही रांगेत येईल.

अडीच वर्षांपूर्वी झेंड्याखाली मी हेच बोललो होतो. नियमाचं बोललो. 'शेण काढून आला तो मोहिमेवरून आला नाही' हे शेणाचं वाक्य तेवढं नियमाबाहेर गेलं.

तांबड्या बैलाच्या खांद्याला यंदा सूज आहे. पोळा दहा दिवसांवर आला. तू असतास तर दोन दिवसांत उतरवली असतीस, हे मी गोठ्यात मोठ्याने बोललो आणि तुझ्या वहिनीने ऐकलं. आता ती ते सगळीकडे सांगते.

गोपालदादा


सांगवी
२४ ऑगस्ट २०२५

चि. श्याम,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण हे मात्र तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना. वहिनी साक्षीला आहे, परवापासून पुरणाची पोळी तशीच पडून आहे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारला बैल तोरणाखाली उभे होते. सतरा जोड्या उरल्यात गावात, बाकी सगळा ट्रॅक्टर. झडत्या सुरू झाल्या होत्या, जो तो आपल्या बैलासाठी जुळवलेल्या चार ओळी म्हणत होता. तेवढ्यात दर्यापूरची जीप पाराजवळ थांबली आणि तिच्यातून एक माणूस उतरला. उतरला म्हणजे उतरतच राहिला. साडेसहा फूट तरी असेल. काळाभोर, बारीक, कपाळावर आडव्या जुन्या रेघा, अंगात अकोल्याच्या कॉलेजचा पांढरा शर्ट. पोरंसोरं माना वर करून बघायला लागली. बैलसुद्धा बघायला लागले, खोटं नाही सांगत.

तो सरळ माझ्यापुढे आला आणि म्हणाला, "तुमीच गोपालदादा काय? मले श्यामभाऊनं सांगतलं होतं, पोयाले गावात जाजो म्हणून. मी मलुआल. अकोल्याले जनावराच्या डॉक्टरकीचं शिकून राहिलो."

श्याम, त्याच्या तोंडून वऱ्हाडी ऐकून माझ्या हातातली झूल खाली पडली. भगवंतराव म्हणाले, "बापा, हा तं आपल्यापेक्षा बरा बोलते!"

त्याला बसायला पाट दिला, पण तो बसला नाही. तांबड्यापुढे जाऊन उभा राहिला. आधी शिंगांकडे पाहिलं, मग खांद्याची सूज हाताने चाचपली. मग वाकून बैलाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला,

"काळ्या मातीच्या तांबड्या पोरा,
पाय रोव अन् धीर धर जरा,
शिंग मोडो का मोडो जू,
जागचा हालू नको तू."

ही झडती कोणाची ते तुला सांगायला नको. मी सतरा वर्षांचा असताना आपल्या पहिल्या तांबड्यासाठी गोठ्यात बसून केली होती. तोरणाखाली म्हणायची कधी हिंमत झाली नाही, लोक हसतील म्हणून. तू तेव्हा रांगत होतास, पण नंतर गोठ्यात माझ्या मागे मागे म्हणायचास. या घराबाहेर ती कोणालाच येत नाही. आणि नाईल नदीच्या काठचा माणूस आपल्या तोरणाखाली ती शब्दन् शब्द म्हणत होता.

मी विचारलं, "हे तुले कोणं शिकवलं?"

तो म्हणाला, "श्यामभाऊ म्हणे ना, आमच्या बैलाच्या कानात. दोन घंटे. तवा सगळ्याईलेच पाठ झालं."

पुढचं त्याला विचारायचं होतं, पण गर्दी लोटली. संध्याकाळच्या जीपने तो गेला. जाताना मला म्हणाला, "तुमाले त्यानं काईच नाही सांगतलं?"

मी म्हणालो, सांगितलं होतं, विसरलो. साफ खोटं बोललो.

गोपालदादा


सांगवी
१४ सप्टेंबर २०२५

श्याम,

मी काल अकोल्याला जाऊन आलो. तांबड्याच्या औषधाचं निमित्त केलं. वहिनीने विचारलं, औषधाला इस्त्रीचा सदरा कशाला? तिला काय सांगणार, मी आपल्याच भावाची माहिती काढायला परक्या माणसाकडे चाललो होतो.

मलुआलच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसलो. त्याने चहा केला, साखर आपल्यासारखीच दाबून. त्याने सांगितलं ते मी त्याच्या शब्दांत नाही, पण त्याच क्रमाने लिहितो. चुकलं तर दुरुस्त कर. त्यासाठी तरी लिही.

त्यांच्याकडेही माती काळी. पावसाळ्यात पायाला दोन-दोन शेर चिकटते, गाड्या रुतून बसतात. नाईल आपल्या पूर्णेसारखी नाही म्हणाला, तिला दुसरा काठ कधी कधी दिसतच नाही. आणि त्या मुलखात माणूस बैलाच्या नावाने ओळखला जातो. मुलगा जाणता झाला की त्याला बाप एक बैल देतो, आणि त्या बैलाच्या रंगाचं नाव त्या मुलाचं होतं. मलुआल म्हणजे तांबडा. मी आयुष्यभर बैलांना नावं दिली. बैलाने माणसाला नाव द्यावं हे काल पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते एकदम बरोबर वाटलं.

मग त्याने तुमच्या दवाखान्याचं सांगितलं. छावणीच्या फाटकाबाहेर लाकडी खोडा, त्यात एकेक जनावर अडकवून तपासायचं. एकमेकांवर बंदुका चालवणाऱ्या दोन जमाती, आणि दोघांची गुरं तिथे, एकाच रांगेत. नियम एकच, बंदुका लांबच्या झाडाखाली ठेवायच्या. तो नियम तुझ्या डॉक्टर मेजरसाहेबांनी केला होता, पण रोज सकाळी झाडाखाली जाऊन हात जोडणारा तू होतास. गुरं आणणाऱ्यांना तुझी भाषा येत नव्हती. तू हात जोडायचास आणि झाडाकडे बोट दाखवायचास, आणि सहा-सहा फुटी माणसं निमूट बंदुका ठेवायची. मी दोन वर्षं शिपायांना कवायत शिकवली, मला हे जमलं नसतं.

आणि मग ती सकाळ. रांगेत कोणी कोणाच्या पुढे घुसलं, एकजण झाडाकडे धावला आणि गोळी सुटली. ती लागली मलुआलच्या बैलाला, मानेखाली. रक्ताची धार उडाली. तू बैलाच्या अंगावर पडलास आणि जखमेत मूठ घातलीस, मनगटापर्यंत. बरोबरचे जवान ओरडले, गाडीमागे ये. तू गेला नाहीस. मूठ काढली असती तर बैल गेला असता. आणि मलुआल म्हणाला, "बैल गेला असता तं माया बापानं झाडाखालून बंदूक उचलली असती. मंग त्यायनं. मंग मेलेले कोणालेच मोजता नसते आले."

बैलाने शिंग मारलं. तुझ्या डाव्या बरगड्या मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. तू तरी हलला नाहीस. मेजरसाहेब नदीपलीकडच्या गावाला गेले होते, ते यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत दोन्ही जमातींची दीडशेच्या वर माणसं जिथे होती तिथे खाली बसली. मलुआलचा बाप बैलाच्या एका कानाशी त्याचं गाणं म्हणत होता आणि दुसऱ्या कानाशी तू माझी झडती. जागचा हालू नको तू. कोणाला सांगत होतास रे, बैलाला की स्वतःला?

बैल जगला. त्या दिवशी कोणी बंदूक उचलली नाही. टाके घालून झाल्यावर तू सगळ्यांना रांग परत लावायला सांगितलीस आणि मग घेरी येऊन पडलास.

हे ऐकून मी व्हरांड्यातून उठलो आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. मलुआलला वाटलं मला गरम होतंय, त्याने पंखा आणला.

मग त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. धुरकट सकाळ, राखेने माखलेली माणसं, हातभर लांब शिंगांची गुरं क्षितिजापर्यंत. मध्ये तो बैल, मानेवर मोठा व्रण. त्याच्यापुढे पोरं हात शिंगांसारखे वर करून नाचतात आणि गातात. एक शब्द परत परत येत होता. मी विचारलं, काय म्हणतात? तो हसला. त्या बैलाच्या पाठच्या एका गोऱ्ह्याचं नाव त्यांनी ठेवलं आहे माशाम. तिथे बैलाच्या नावाआधी मा लागतो. आणि तो गोऱ्हा ज्या पोराला मिळाला, त्याचंही नाव आता माशाम. ते पोर व्हिडिओत नाचत होतं.

श्याम, तुझ्या नावाचा एक मुलगा नाईलच्या काठी गुरं चारतो. लोक तुझं नाव गाण्यात घालून नाचतात. आणि इथे तुझा सख्खा भाऊ भिंतीवर दोन इंच जागा देत नव्हता.

परत येताना एसटी दर्यापूरला लागेपर्यंत मी त्याने माझ्या फोनवर पाठवलेला तोच व्हिडिओ पाहत होतो. शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, कोणाचं लग्न हाय?" मी म्हणालो, माझ्या भावाचं. दुसरं काय सांगावं सुचलं नाही.

तू परत आलास तेव्हा जेवायला बसताना डावीकडे वाकत नव्हतास. मी पाहिलं होतं. मला वाटलं, तिकडच्या मऊ खुर्च्यांची सवय.

दादा


सांगवी
९ जानेवारी २०२६

श्याम,

मधले चार महिने मी पत्र लिहिलं नाही. कापूस वेचायचा होता हे कारण सांगता येईल, पण वेचायला बायका होत्या. मी घाबरलो होतो.

नत्थुजीने पाटी खरवडून पांढरी केली. त्याने मला विचारलं, "तुमच्या नावापुढं जागा काय टाकू? जुन्यात कारगिल होतं, तेच ठेवू?" मी म्हणालो, थांब जरा. तो अजून थांबला आहे.

नव्व्याण्णव साली आमची पलटण वर गेली. मी गेलो नाही. आम्हा सहा जणांना उधमपूरला मागे ठेवलं. वर जाणाऱ्यांनी आपापल्या ट्रंका खाली ठेवल्या होत्या, त्या राखायच्या. पत्र्याच्या शेडमध्ये चारशेच्या वर ट्रंका, प्रत्येकीवर नाव आणि नंबर. मी रोज फडक्याने पुसायचो. तोफेचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. पलटण उतरली तेव्हा ज्याने त्याने येऊन आपली ट्रंक नेली. नऊ ट्रंका राहिल्या.

घरी आलो तेव्हा लोक पाराजवळ उभे होते. आईने ओवाळलं. मी कोणाला खोटं सांगितलं नाही. लोक जे समजले ते समजू दिलं. पाटीवर कारगिल लिहिलं तेव्हा मी म्हणालो नाही की उधमपूर लिहा. सव्वीस वर्षं ते तसंच राहू दिलं, आणि निवृत्त झाल्यापासून दोरीजवळ उभा राहून कोण गेला, कोण नाही हे ठरवलं. ज्या मापाने तुला मोजलं त्या मापात मी स्वतः बसत नव्हतो. म्हणूनच ते माप मी इतकं घट्ट धरलं होतं. तुला हे कळायला हवं, कारण शेणाचं वाक्य माझ्या तोंडी तिथून आलं होतं.

अठरा तारखेला मंडळाची सभा आहे. तुझं नाव घालतो आणि माझं काढतो. आईला कसं सांगायचं ते अजून ठरलं नाही. मला माफ कर असं लिहिणार होतो. लिहिलं, बघ.

दादा


सांगवी
२६ जानेवारी २०२६, दुपार

श्याम,

तुझं कार्ड सतराला मिळालं. तीन वर्षांनंतर तू दोन ओळी लिहिल्यास आणि त्याही तुझ्या दवाखान्यातल्या खेचरांच्या नोंदवहीतल्यासारख्या. "दादा, नाव पुसू नको. त्या ट्रंका कोणाले तरी राखाच लागत होत्या. मीई बैलच राखला." ते कार्ड माझ्या खिशात आहे. इस्त्रीत अर्धं चुरगळलं, वहिनीला ओरडलो.

सभेत मी उभं राहून सगळं सांगितलं. आधी तुझं, साक्षीला अकोल्याहून बोलावलेला मलुआल बाजूला उभा होता. मग माझं. मी इतकी वर्षं ज्या क्षणाला भ्यायलो तो असा गेला की बाहेरची पिठाची गिरणी ऐकू येत होती.

मग शिवम, आपला सगळ्यात लहान माजी सैनिक, म्हणाला, "दादा, तुमाले दुखवाचं नाही, पण मंग हद्द कुठं ठेवाची? दूतावासाच्या गेटवरचाई येईन, भूतानात ट्रेनिंग देणाराई येईन." प्रश्न माझाच होता, माझ्याच शब्दांत परत आला.

भगवंतराव काठी टेकत उठले. म्हणाले, "येऊ दे. एकाहत्तरात मी पूल बांधले, एकई गोळी नाही झाडली. कोणं मले विचारलं नाही, शत्रू दिसला का म्हणून. नावापुढं जागा लिहा अन् काम लिहा. खरं तेवढंच. मोहीम होती का नोती, ते वाचणारा पाहून घेईन."

तेच ठरलं. नत्थुजीने चार दिवस बसून पाटी पुरी केली. भगवंतरावांनी आपल्यापुढे स्वतः पूल लिहून घेतले. शिवमने लिहून घेतलं, "सियाचीन, रॉकेल वर पोचवलं." अकरांपैकी सात जणांनी जुनं काहीतरी बदललं. मी एकटाच नव्हतो श्याम, प्रत्येकाकडे काहीतरी होतं, आणि ते लिहिल्यावर पाटी छोटी झाली नाही. मी सकाळी एकटा तिच्यापुढे उभा राहिलो आणि एकेक ओळ वाचली. एवढ्याशा गावातून माणसं कुठे कुठे जाऊन काय काय धरून बसली होती.

तुझी ओळ शेवटची आहे. "श्याम. २०२१-२२. दक्षिण सुदान. गुरांचा दवाखाना." मूठ आणि बरगड्या लिहायच्या होत्या, पण मलुआल म्हणाला, "नका लिहू, त्यानं सांगतलं नसतं."

नवं नाव तुझं म्हणून दोरी तुझी. तू नाहीस म्हणून आईने ओढली. गाठ घट्ट होती, पहिल्या हिसक्याला सुटेना. मी पुढे झालो तर म्हणाली, "तू मांगं राय." दुसऱ्या हिसक्याला झेंडा उलगडला आणि फुलं तिच्याच डोक्यावर पडली. मलुआलने हात शिंगांसारखे वर केले. गावाला वाटलं ही त्यांच्याकडची सलामी असेल, मग पोरांनीही केले.

झेंड्यानंतर आईने नत्थुजीला पाटी मोठ्याने वाचायला लावली. तिला वाचता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी मागे सरकलो. तिला मी सांगितलंच नव्हतं, आज सकाळपर्यंत धीर झाला नाही. नत्थुजी माझ्या ओळीवर आला आणि अडखळला. मी म्हणालो, वाच.

"गोपाल. एकोणीसशे नव्व्याण्णव. उधमपूर. वर गेलेल्यांच्या ट्रंका राखल्या."

आई माझ्याकडे वळली. सव्वीस वर्षांपूर्वीचं ओवाळणं तिला आठवलं असेल. मला वाटलं, आता विचारेल, मग मले काहून नाही सांगतलं?

तिने विचारलं, "ज्यायचे पोरं नाही आले, त्यायच्या ट्रंका घरी गेल्या का?"

मी म्हणालो, "गेल्या. नऊच्या नऊ. तीन मी सोता नेऊन देल्या."

"त्यायच्या मायनं घेतल्या?"

"घेतल्या."

"मंग तूई गेलता," आई म्हणाली, आणि नत्थुजीला म्हणाली, "वाच पुढं, माया लहान्याचं वाच."

त्याने तुझं वाचलं. तिने ते तीनदा वाचायला लावलं.

हे पत्र चार दिवसांनी पोचेल. पोचेल त्या दिवशी, आणि त्याच्या आधीही रोज, संध्याकाळी पाच वाजता आई पारावर माझ्या शेजारी बसेल आणि मी तुझा नंबर लावीन. उचल.

दादा